ब्रिस्टलमधील एका सावकाराचे घर



विलायतेस जाणारा आपला प्रवासी राजवाडे आणि किल्ले आवर्जून पाहतो; परंतु अठराव्या शतकातील सुखवस्तू इंग्रज राहत कसा होता आणि त्याच्या सुखाचा पैसा कोठून येत होता, हे ज्यास जाणून घ्यावयाचे असेल, त्याने ब्रिस्टल शहरी ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवरील ७ क्रमांकाचे घर पाहावे, असे माझे मत आहे. कॅरिबियनमधील नेव्हिस बेटावर उसाचे मळे असलेल्या जॉन पिनी या साखरेच्या व्यापाऱ्याने १७९० च्या सुमारास ते बांधविले. १९३७ साली ते नगरपालिकेस बक्षीस मिळाले, आणि पुढे पिनीच्या काळास शोभेल असे लावून ते लोकांस खुले झाले.

वरच्या मजल्यावरील दिवाणखान्यात उंच खिडक्यांतून येणारा प्रकाश, भोजनगृहातील झिलईदार लाकूड, अभ्यासिकेतील शिस्त, या सर्वांत एक प्रकारचा संयम आहे, आणि श्रीमंतीने आवाज चढवू नये ही त्या काळची अभिरुची मला मनापासून आवडते. कवी वर्ड्‌स्वर्थ १७९५ मध्ये येथे पाहुणा होता. पिनीच्या मुलांनी त्यास डॉर्सेटमधील आपले घर बिनभाड्याने राहावयास दिले, आणि ही उदारता हिशेबी वडिलांस न कळविताच झाली!

तळघरात मुदपाकखाना व कपडे धुण्याची खोली आहे, आणि त्यांच्याच शेजारी थंड पाण्याचे एक दगडी कुंड आहे, ज्यात प्रकृतीच्या हितासाठी बुडी मारण्याची त्या काळी वहिवाट होती. मालकाचे आरोग्य आणि चाकरांचे कष्ट असे एकाच मजल्यावर नांदत होते.

या चाकरांपैकी एकाचे नाव पेरो. १७६५ साली नेव्हिस येथे सुमारे बारा वर्षांच्या या मुलास त्याच्या दोन बहिणींसह पिनीने विकत घेतले, आणि १७८३ मध्ये इंग्लंडास परतताना आपला खासगी सेवक म्हणून सोबत आणले. माणसांची विक्री प्रथम दृष्टीस पडली तेव्हा आपणांस धक्का बसला, असे पिनीने स्वतःच लिहून ठेवले आहे. पण लागलीच, ईश्वरानेच त्यांस आमच्या उपयोगासाठी निर्मिले असावे, अशी मनाची समजूतही त्याने घालून घेतली. त्याचे दप्तर ब्रिस्टलच्या विश्वविद्यालयात जतन केलेले असल्याने हा मामला ऐकीव नाही. त्याच घरातील फॅनी कोकर या दासीस मुक्ती मिळाली. पेरो १७९८ मध्ये वारला तो गुलाम म्हणूनच.

जुने घर केवळ सुंदर करून मांडणे हे अर्धेच काम होय, आणि हा उरलेला अर्धा भागही सांगितला जातो म्हणून या घरास मी मोठ्या राजवाड्यांहून श्रेष्ठ मानतो. शहरानेही १९९९ साली बंदरावरील नव्या पादचारी पुलास पेरोचे नाव दिले. हिवाळ्यात हे घर बंद असते. तेव्हा जाणाऱ्याने उन्हाळ्याचे दिवस धरावे, आणि उंबरठा ओलांडल्यावर दिवाणखान्याकडे न वळता आधी तळघरात उतरावे.