पाचवी जोडी

आत्ता माझ्या मांडीवर जे मॅन्डोलिन आहे, त्याला दहा तारा आहेत. एरवी असतात आठ, दोन-दोनच्या चार जोड्या. जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुरात लावतात, तरी केसाएवढा फरक राहतोच. म्हणून आवाज झुलत येतो. माझ्या वाद्याला खर्जाच्या बाजूला पाचवी जोडी आहे. व्हायोलिनच्या चार तारांखाली व्हायोलाची सर्वांत खालची तार बसवावी, तसं.

हे वाद्य आकुर्डीच्या आमच्या एका शेजाऱ्यांचं. ते लग्नांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे, सगळे त्यांना मास्तर म्हणत. दैवत एकच, सज्जाद हुसेन. लोकांना ‘संगदिल’ (१९५२) आणि ‘रुस्तम सोहराब’चे (१९६३) संगीतकार म्हणून सज्जाद माहीत, मास्तरांना त्यांचं मॅन्डोलिन अधिक प्यारं. पडद्यांच्या या तुटक आवाजाच्या वाद्यावर ते मींड घेत, राग उभा करत! मास्तर माझ्या हाताकडे बघून म्हणायचे, “बेटा, कोहनी से नई, कलाई से.” छेडलेला सूर लगेच विझतो. तो तेवता ठेवायला नखी सतत खालीवर फिरवावी लागते. कोपर आखडलं की संपलं. शिवाय दोन तारा एकदम दाबायच्या, त्यामुळे बोटांवर दुहेरी चरे पडतात. मान रुंद असल्यानं पाचव्या जोडीपर्यंत माझी करंगळी आजही कशीबशीच पोचते.

भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये मी अठ्ठावीस वर्षं काढली. कानात कापसाचे बोळे, एवढंच संरक्षण. (कविताही तिथलीच, चहाच्या सुट्टीतली.) पुढं डॉक्टरांनी कानाचा आलेख दाखवला. चार हजार हर्ट्झजवळ रेघ खड्ड्यात उतरलेली. यंत्रांच्या आवाजानं कान जातो तो बहुधा तिथूनच. मॅन्डोलिनच्या सर्वांत वरच्या मोकळ्या तारेचा सूर ६६० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे सूर मला कळतो. पण नखी लागताक्षणी उठणारी लकाकी त्या खड्ड्यात पडते. वरची जोडी ओल्या लाकडावर वाजवल्यासारखी ऐकू येते.

पाचवी जोडी १३० हर्ट्झची. ती मी छातीनं ऐकतो. वाद्याची पाठ बरगड्यांना टेकलेली असते. रात्री चाकणहून दुसऱ्या पाळीच्या बसेस परतल्या, की तीच छेडत बसतो.

वरची जोडी लावायची असली, की मात्र मुलीला हाक मारतो. खुंटी मी पिळतो, ती डोळे मिटून ऐकते.

“अब्बा, और थोडा... बस. अरे, चढ गई!”