शीतगृहाची वीज वाचते बागेत
(द्राक्ष बागाईतदारांच्या प्रशिक्षण वर्गातील भाषण)



१९९१ साली महाग्रेप्सची स्थापना झाली. तेव्हापासून निर्यातीच्या द्राक्षांसाठी पूर्वशीतकरण व शीतगृह आपल्या चांगले परिचयाचे झाले आहे. विजेचे बिल हातात पडले की आपण यंत्राला बोल लावतो. परंतु बिल फुगते ते बरेचदा आपल्या कामाच्या वेळा चुकल्यामुळे.

साधा हिशेब पाहू. एक टन द्राक्षे एक अंश सेल्सिअसने थंड करायची, तर सुमारे एक युनिट उष्णता बाहेर काढावी लागते. पहाटे काढलेल्या मालाचे तापमान १८ अंश आणि दुपारच्या मालाचे ३२ अंश धरा. टनामागे १४ युनिट उष्णता जास्त! यंत्र एका युनिट विजेत दोन ते तीन युनिट उष्णता बाहेर टाकते. म्हणजे टनामागे ५ ते ७ युनिट वीज जादा. दहा टनांना ५० ते ७० युनिट झाले. ही उष्णता आपणच उन्हातून विकत आणतो.

यासाठी पुढील वेळापत्रक पाळावे.

१) काढणी उजाडताच सुरू करून ऊन तापण्यापूर्वी आटोपावी. क्रेट सावलीत ठेवावेत. आधी काढलेला माल आधी पॅक करावा.

२) पूर्वशीतकरणाची खोली माल येण्याच्या बेताने थंड करावी, रिकामी खोली दिवसभर चालवू नये. एका खोलीत एकाच वेळचा माल भरावा. मी एका ठिकाणी पाहिले, अर्धवट गार झालेल्या मालात दुपारचा तापलेला माल सारला होता. गार मण्यांवर पाणी धरले आणि यंत्र रात्री उशिरापर्यंत चालले.

३) घड्याळ पाहून खोली बंद करू नये. मण्यात थर्मामीटर खुपसून पाहावे. आतील तापमान ४ अंशांवर आले की माल शीतगृहात हलवावा.

४) शीतगृह ० ते १ अंशावर ठेवावे. त्याहून खाली लावल्याने माल लवकर थंड होत नाही. उलट देठ गोठण्याची भीती असते.

५) दरवाजा ठरावीक वेळीच उघडावा, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावावा. कॉइलवरील बर्फ वेळेवर वितळवावा.

मात्र एक लक्षात ठेवा. वीज वाचविण्यासाठी शीतकरण लांबणीवर टाकू नका. उशीर झाला की देठ सुकून तपकिरी पडतात, मणी गळतात. मग पाच युनिट वाचवून पेटी गमावल्यासारखे होईल.

या हंगामात एक वही घाला. माल आत गेल्याची वेळ, मण्याचे तापमान, बाहेर काढल्याची वेळ आणि मीटरचे आकडे रोज लिहा. टनामागे किती युनिट लागले हे पंधरा दिवसांत कळेल, आणि चूक कोठे होते तेही वहीच सांगेल.