कबरेवरील ढाल
(मृतजनांच्या स्मरणदिनीं केलेलें भाषण)



महोत्सवानिमित्त कबरस्थानाची डागडुजी निघाली आहे, आणि कांहीं कुटुंबांनीं आपल्या कबरेवर संगमरवरी फरशी व तीवर घराण्याचें चिन्ह बसविण्याची परवानगी मागितली आहे. म्हणून चार शब्द बोलणें अवश्य वाटतें.

जुन्या गोव्यांतील संत फ्रान्सिस असिसीकराच्या मंदिराची जमीन आपणांपैकीं कित्येकांनीं पाहिली असेल. पोर्तुगीज सरदारांच्या थडग्यांच्या शिळांनीं ती फरसबंद आहे. शिळेवर ढाल, ढालीवर कुळाचें चिन्ह. माल्टा बेटांत व्हॅलेटा येथें संत योहानाच्या मंदिरांत रंगीत संगमरवराच्या अशा सुमारें ४०० शिळा आहेत. इंग्लंडांत निराळी रीत होती: घरधनी वारला कीं कुळाचें चिन्ह रंगविलेली चौकट, एका कोनावर उभी धरून, दारावर टांगीत व पुढें मंदिरांत नेऊन लावीत. हॉलंडांतही तसेंच होतें; तेथें १७९५ च्या क्रांतीनंतर समतेच्या नांवाखालीं पुष्कळ चौकटी उतरविल्या. वसईचा किल्ला १७३९ सालीं मराठ्यांनीं घेतला. तेथील फ्रान्सिस्कन मंदिराला आज छप्पर नाहीं, आणि कबरेच्या शिळांवर पाऊस पडतो.

कार्डिनलांची रीत मात्र मला आवडते. त्यांची तांबडी टोपी कबरेवर छताला टांगीत, आणि ती जीर्ण होऊन आपोआप गळून पडेपर्यंत कोणी तिला हात लावीत नसे. ही टोपी देण्याची चाल १९६९ सालीं बंद झाली.

आपल्या लवळ्याकडे, मुळशी-मावळांत, परकी ढाल आली नाहीं. परंतु सह्याद्रीच्या गांवोगांवीं देवळांपाशीं वीरगळ आहेत. खालीं लढाई, मध्यें वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरतीं शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. कित्येकांवर गाईही कोरलेल्या असतात. बहुतेकांवर नांव नाहीं. मनुष्य कशासाठीं मेला तें शिळा सांगते, कुळ सांगत नाहीं. आणि ह्या बाबतींत आमच्या पूर्वजांनीं त्या सरदारांहून अधिक शहाणपण दाखविलें, असें मला वाटतें.

स्नानसंस्काराच्या वेळीं आपणां सर्वांच्या कपाळीं एकच चिन्ह झालें. मृतनोंदीच्या पुस्तकांत अशीं पुष्कळ नांवें आहेत कीं ज्यांच्या कबरेवर लांकडी क्रूस होता व तोही वाळवीनें खाल्ला. तेव्हां ज्याला नांव व क्रूस कोरावयाचा त्यानें खुशाल कोरावा. घराण्याच्या चिन्हाला परवानगी नाहीं. शिवाय फरशीच्या खर्चाचा दहावा हिस्सा ह्या निनांवी कबरांच्या फलकासाठीं द्यावा, अशी विनंती आहे. फलकावर नांवें नोंदीच्या क्रमानेंच येतील, मुकादम व मजूर एकाखालीं एक, तान्ह्या मुलांसह. यादी दरवाज्यापाशीं लाविली आहे. कोणाचें नांव राहिलें असल्यास रविवारच्या मिस्सेनंतर मला कळवावें.