"साठी बुद्धी नाठी" म्हणू नका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी दोन शब्द बोला, असा निरोप घेऊन आपल्या चिटणीसबाई घरी आल्या, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. हळदीकुंकवाला उखाणा घेणारी मी बाई, भाषण कशाचे करणार? पण त्या म्हणाल्या, "काकू, काकांच्या आजारात तुम्ही जे शिकलात, तेच सांगा." आणि माझ्या मनात आले, की ज्या गोष्टीवर मी कित्येक वर्षे पांघरूण घातले, ती आता उघड बोलणे हेच माझ्याकडून प्रायश्चित्त होईल.

आपल्यापैकी पुष्कळजणींनी आमच्या ह्यांना पाहिले आहे. जन्मभर वनखात्यात वनरक्षक म्हणून नोकरी केली. नुसती साल हाताने चाचपून ऐन कोणता नि धावडा कोणता हे अंधारात सांगत. असा माणूस एके दिवशी अंगणातल्या मोहाच्या झाडाकडे बोट दाखवून मला विचारू लागला, "हे झाड कोणते?" मला वाटले, थट्टा करतात. मग चहा घेऊन झाल्यावर पुन्हा चहा मागणे, पेन्शन आणायला जाऊन रिकाम्या हाताने परतणे, एकच प्रश्न दहा वेळा विचारणे सुरू झाले. शेजारीपाजारी म्हणत, "साठी बुद्धी नाठी, चालायचेच." ज्या डॉक्टरांकडे प्रथम नेले, तेही म्हणाले, "वय झाले." कोणी करणी म्हटले, म्हणून मी गंडादोराही बांधून आणला. ह्यात दोन वर्षे गेली.

पुढे नागपूरला नेले. तिथे रक्त तपासले, डोक्याचे चित्र काढले आणि मग सांगितले, की हा स्मृतिभ्रंश आहे. डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणतात. त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमरचा रोग. हा मेंदूचा रोग आहे. म्हातारचळ नव्हे, वेड नव्हे, आणि करणी तर नव्हेच नव्हे. रक्त का तपासले, तेही मी विचारून घेतले. बी-बारा जीवनसत्त्वाच्या कमतरतेने किंवा थायरॉइड ग्रंथीच्या बिघाडानेही माणूस असा विसरू लागतो, आणि ते वेळेवर कळले तर औषधाने सुधारणा होते. ह्यांचे तसे नव्हते. पण दुसऱ्या कोणाचे असू शकेल. म्हणून भगिनींनो, "वय झाले" ह्या दोन शब्दांवर थांबू नका.

रोगाचे नाव कळले, पण मी ते कोणाला कळू दिले नाही. गल्लीतली पोरे नक्कल करीत, त्याची लाज वाटे. रेशन आणायला जाताना मी बाहेरून कडी घालून जाई. रागाच्या भरात ह्यांच्यावर ओरडलेही आहे. एकदा हातही उगारला. हे सांगताना आजही माझी मान खाली जाते.

आणि एका पावसाळी संध्याकाळी कडी घालायची राहिली. मी परत आले तो घर रिकामे. हे अनवाणीच निघून गेले होते. आपल्याकडे गावाबाहेर पाऊल टाकले की जंगल. वाघाची भीती काय असते, हे तुम्हांला सांगायला नको. तरीही मी आरडाओरड केली नाही. लोकांना कळेल, ह्या लाजेने तासभर एकटी नाल्याकाठी शोधत फिरले. तो एक तास मी स्वतःला अजून माफ केलेला नाही. शेवटी धीर सुटला आणि मी गल्लीत येऊन रडू लागले. मग काय सांगू! ज्या पोरांचा मला राग यायचा, तीच पोरे टॉर्च घेऊन चारी दिशांना धावली.

हे सापडले नाल्यापलीकडे, एका सरपण विकणाऱ्या बाईच्या अंगणात. "बीटवर जायचे आहे," असे तिला सांगत होते. नोकरी सुटून कैक वर्षे झालेली. आमच्याकडे हे असे बोलले की मी वाद घालायची, "कसली बीट? रिटायर झालात ना तुम्ही!" त्या बाईने वाद घातला नाही. ती म्हणाली, "साहेब, दमून आलात, आधी भात खा, मग जा." आणि हे शहाण्या मुलासारखे जेवत बसले होते. मोठमोठ्या डॉक्टरांकडून शिकायचे ते मी त्या माउलीकडून शिकले. अशा माणसाला खोटे पाडू नये, त्याच्या जगात आपण दोन पावले जावे.

त्या रात्रीपासून मी लपविणे सोडले. बसस्टॅंडवरच्या चहावाल्याला, किराणा दुकानदाराला, गल्लीतल्या मुलांना सांगून ठेवले. ह्यांच्या खिशात नाव व फोन नंबराची चिठ्ठी शिवून टाकली. त्यानंतरही हे दोनदा निघून गेले, आणि दोन्ही वेळा कोणीतरी हात धरून घरी आणून पोचविले. गेल्या वर्षी हे गेले, ते आपल्या घरात, आपल्या माणसांत.

पुढे मुलीने मला ह्या रोगाविषयी वाचून दाखविले. जर्मनीत १९०१ साली आपल्या पत्नीला घेऊन एक नवरा फ्रॅंकफर्टच्या इस्पितळात गेला. तिचे वय ५१. तिथे डॉ. अल्झायमर ह्यांनी तिला तपासले, आणि १९०६ साली त्यांनी तिच्या रोगाची हकीकत जगापुढे मांडली. एक्कावन्न वर्षांची बाई! मग "साठी"चा प्रश्न कुठे उरला? अमेरिकेत शिकागोचे जेरोम स्टोन म्हणून कारखानदार होते. त्यांच्या पत्नीला १९७० साली हाच रोग असल्याचे कळले. विचारायला जागा नाही, सांगायला माणूस नाही. तेव्हा इतर कुटुंबांना जमवून त्यांनी १९८० साली ह्या रोग्यांसाठी संस्था उभारली. आपल्या देशात असे काम करणारी संस्था १९९२ साली केरळात निघाली. ह्यांतल्या कशाशीही माझी बरोबरी नाही. पण दुःख एकच, आणि त्यातून निघालेली वाटही एकच.

हा शहरी, श्रीमंती रोग आहे, असे समजू नका. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे आपल्या देशात साठी उलटलेल्या शंभर माणसांत सुमारे सात जणांना हा रोग आहे. एकूण सुमारे ८८ लाख. शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण अधिक, आणि पुरुषांपेक्षा बायकांत अधिक. म्हणजे आज आपण सेवा करणाऱ्या, उद्या आपलीच सेवा कोणाला करावी लागेल.

म्हणून मंडळापुढे माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, ज्या घरी असा रोगी आहे, तिथे आठवड्यातून दोन तास आपल्यापैकी एकीने पाळीने जाऊन बसावे. त्या घरच्या बाईला नदीवर जाऊ द्या, देवळात जाऊ द्या, नाहीतर नुसती झोप काढू द्या. रोवण्याच्या दिवसांत एकीच्या बांधीत दुसरी जातेच ना? हाही तसाच रोवणा समजा. दुसरी, विसरण्याची लक्षणे दिसताच रोग्याला डॉक्टरांकडे न्यावे, आणि त्या बाईबरोबर आपल्यातली एक जावी, कारण एकटीला "वय झाले" म्हणून लवकर परत पाठवितात. सरकारचे दोन फोन नंबरही फळ्यावर लिहून ठेवा. मनाच्या तक्रारींसाठी १४४१६ आणि वृद्धांच्या मदतीसाठी १४५६७. तिसरी, डॉ. मोहन आगाशे ह्यांनी काम केलेला "अस्तु" हा चित्रपट मंडळात सर्वांना दाखवावा. त्यात वाट चुकलेल्या एका विद्वान म्हाताऱ्याला हत्तीवाल्याची बायको माया लावते. मला तर तो पाहताना नाल्यापलीकडची ती बाईच दिसली.

मला कोणी विचारते, "काकू, शेवटी तर ते तुम्हांलाही ओळखत नव्हते, मग एवढे का केले?" भगिनींनो, ते मला ओळखत नव्हते, पण मी तर त्यांना ओळखत होते!

ज्या घराला बाहेरून कडी दिसेल, तिथे आधी हाक मारा, एवढे सांगून मी आपली रजा घेते.