मांजर आणि आपले पहिले शील

(वर्षावासातील प्रवचनमालेत विहारात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा काही तरुण हसले. "शिक्षण, नोकरी, घर हे प्रश्न सोडून मांजर?" असे एकाने विचारलेही. हसणे साहजिक आहे. पण आपल्या एका ज्येष्ठ उपासकांनी मला बाजूला घेऊन जे विचारले, ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. ते म्हणाले, "अरे, आपल्या बापजाद्यांना पाणवठ्यावरून हाकलत होते आणि तिथंच कुत्री-मांजरं पाणी पीत होती. आणि तू आम्हालाच मांजराची दया शिकवतोस?"

बंधू-भगिनींनो, या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय मला पुढे बोलण्याचा अधिकार नाही.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. जनावरांना मोकळे असलेले तळे माणसांना बंद होते. तो अपमान आपण विसरायचा नाही. पण तळे बंद कुणी केले? मांजराने केले काय? माणसाने केले. जनावर पाणी पीत होते हा अन्याय नव्हता. माणसाला पिऊ देत नव्हते, हा अन्याय होता. जनावराला घास घालायचा आणि माणसाला लाथ मारायची, ही दया नव्हेच. ते पुण्याचे दुकान झाले. आपली मैत्री वेगळी आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी फरक करून दाखविला आहे, की करुणा ही माणसांपुरती, तर मैत्री त्याही पुढे, सर्व जीवांपर्यंत जाते. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही प्राणिमात्रांवरील दयेची प्रतिज्ञा आहे. ज्याने तहान सोसली त्याला दुसऱ्याची तहान लवकर कळावी, एवढेच माझे म्हणणे.

हे काही नवीन नाही. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी, अशी दोन्ही औषधोपचारांची सोय केल्याचे कोरून ठेवले आहे. आपल्या परळचेच घ्या. बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय म्हटले तर कुणाला कळणार नाही, पण 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हटले की सगळ्यांना कळते! ते १८८३ सालचे आहे. साकरबाई म्हणजे गिरणीमालक सर दिनशा पेटिट यांच्या पत्नी. गिरणगावाच्या मधोमध मुक्या जनावरांसाठी दवाखाना उभा आहे, आणि आपण त्यावरून नुसते जातो-येतो.

आता अनुभव सांगतो. चार वर्षांपूर्वी मुलीच्या आग्रहामुळे आम्ही एका प्राणी-निवाऱ्यात मांजर दत्तक घ्यायला गेलो. वाटले, पिशवी घेऊन जायचे आणि मांजर आणायचे. तसे नव्हते. त्यांनी फॉर्म भरून घेतला. घर स्वतःचे की भाड्याचे? घरातल्या सगळ्यांची संमती आहे काय? खिडकीला जाळी आहे काय? गावाला गेलात तर कोण बघणार? पत्नी म्हणाली, "पोरीच्या सोयरिकीलाही एवढं विचारत नाहीत." पण विचारतात ते बरोबर आहे. हौसेने न्यायचे आणि महिन्याने रस्त्यावर सोडायचे, असे पुष्कळ करतात.

तिथे लोक पांढरी, गुबगुबीत पिल्ले मागत होते. कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात एक काळी भाटी बसली होती, चांगली मोठी. सांभाळणारा मुलगा म्हणाला, "काका, आठ महिने झाले. एक तर काळी, त्यात वयाने मोठी. कोण नेणार?"

आता मला सांगा, काळे मांजर अपशकुनी, हे आपल्या धम्मात बसते काय? आपल्यातले काही जण विहारात पंचशील घेतात आणि नाक्यावर मांजर आडवे गेले की तीन पावले मागे येतात! मांजर आडवे जाते ते त्याच्या पोटाच्या कामाला. तुमच्या इंटरव्ह्यूशी त्याचे काय देणेघेणे? आम्ही तीच काळी आणली, आणि सोबत एका डोळ्याने अधू असलेला पिवळा बोका.

आल्याबरोबर दोघे कॉटखाली शिरले. काळी दहा दिवस बाहेर आली नाही. रात्री सगळे झोपले की खायची. आम्ही तिला ओढून काढली नाही. अकराव्या दिवशी ती आपणहून येऊन बसली, ती माझ्या आईच्या मांडीवर. आणि मांजर आणायला सगळ्यात जास्त विरोध आईचाच होता! विश्वास जबरदस्तीने मिळत नाही, हे माणसालाही लागू आहे.

ज्यांना मांजर आणायचे आहे त्यांच्यासाठी थोडे कामाचे बोलतो. दूध हेच मांजराचे अन्न, हा गैरसमज आहे. मोठ्या मांजराला गाई-म्हशीचे दूध बहुधा पचत नाही, जुलाब होतात. बिनमिठाची उकडलेली मासळी किंवा कोंबडी द्या. एका घमेल्यात वाळू ठेवा, ते तिथेच जाते. फरशी पुसायचे फिनेल मांजराला विषारी आहे. आणि तापावरची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका, अर्धीसुद्धा नाही. तिने मांजर मरते. रेबीजची लस वेळेवर टोचा. कुणाला मांजर चावले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

खरा प्रश्न पुढेच आला. चाळीत मांजरे वाढली म्हणून मिटिंग झाली. ठराव काय, तर सगळी पोत्यात भरून मासळी बाजाराजवळ सोडून द्यायची. बंधूंनो, अनोळखी जागी सोडलेले मांजर बहुतेक उपासमारीने, नाहीतर गाडीखाली मरते. आपण रक्त बघत नाही, एवढाच फरक. जनावराला उपाशी मरेल असे सोडून देणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "पोते बांधू नका, वर्गणी काढू." एक भाटी साधारण दोन महिन्यांत वितें आणि वर्षातून दोन-तीन वेळा पिल्ले घालते. पोत्याने हे थांबत नाही, नसबंदीने थांबते. कुणी म्हणाले, "ऑपरेशन म्हणजे हिंसाच की." मी विचारले, "गटारात उपाशी मरणारी चार पिल्ले ही काय अहिंसा?" भांडण झाले, मला टोमणेही ऐकावे लागले. पण वर्षभरात सात मांजरांची नसबंदी झाली. आता दोन वर्षांत चाळीत नवे पिल्लू नाही, आणि पोते कुणी काढले नाही.

म्हणून तीन विनंत्या. मांजर सोडून येऊ नका. पाळलेल्या मांजराची नसबंदी करा. आणि पाळायचेच असेल तर विकत न घेता, ज्याला कुणी नेत नाही ते निवाऱ्यातून आणा. कुणी नेत नाही, कुणी शिवत नाही, याचा अर्थ आपल्याला दुसऱ्याने समजावून सांगायला नको.

बालमित्रांनो, मांजराला दगड मारायला हात उचलला, तर याच हाताने पंचशीलाला हात जोडले होते, एवढे आठवा.