सांधा, ठिगळ आणि हत्यार

(शाखा कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



सकाळपासून या वर्गात महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा असे मोठे विषय झाले. आमच्याकडे आलेला विषय त्यांच्यापुढे किरकोळ वाटेल. डब्यातल्या गालिच्याचा सांधा, त्याला लावायचे ठिगळ आणि त्यासाठी लागणारी हत्यारे. विषयपत्रिका वाचून एका टपालवाल्या सहकाऱ्याने विचारले, ‘सेक्रेटरीसाहेब, गालिचे मोठी माणसे तुडवतात, आपला काय संबंध?’ संबंध असा, की तुडवणारा कोणीही असो, गुडघ्यावर बसून तो सांधणारा ट्रिमर आपला सभासद आहे.

एका कारखान्यातली हकीकत सांगतो. नाव घेत नाही, कारण प्रकरण मिटलेले आहे. पीओएच होऊन गेलेल्या फर्स्ट एसीच्या डब्यात कॉरिडॉरमधला सांधा महिनाभरात उसवला. खानपानाच्या ठेकेदाराचा मुलगा सूपचा ट्रे घेऊन चालला होता. त्याचा पाय सांध्यात अडकला आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला. ठेकेदाराचा माणूस म्हणून त्याला रेल्वेच्या दवाखान्यात औषध मिळतानाही मारामार झाली. आणि इकडे ट्रिमरच्या हातात एसएफ-११ पडला : ‘कामात हलगर्जी’.

आम्ही शॉपमध्ये जाऊन त्या माणसाची पेटी उघडायला लावली. आत काय होते? घरची कपड्यांची इस्त्री, स्वतःच्या पैशाने घेतलेला मोडके पाते असलेला कटर, एक दाभण, लोखंडी पट्टी आणि रबरी चिकटद्रवाचा अर्धा डबा. स्टोअरमध्ये मात्र सांध्याच्या पट्टीची, म्हणजे जिच्यावर गरम केल्यावर वितळणारा गोंद असतो तिची, नवी कोरी बंडले पडलेली. पट्टी आली, पण ती वितळवायची खास इस्त्री कोणी मागवलीच नव्हती. इंडेंट भरणाऱ्याला वाटले, इस्त्री ती इस्त्री.

मित्रहो, इथेच सगळी गफलत आहे. ही पट्टी दोन कडांच्या खाली, गोंदाची बाजू वर करून अंथरायची असते. इस्त्री पट्टीवर, म्हणजे गालिच्याच्या खाली, ठेवायची आणि हळूहळू पुढे सरकवायची. ती पुढे गेली की मागच्या दोन्ही कडा वितळलेल्या गोंदावर आपोआप पडतात आणि आपण त्या हाताने जुळवून दाबत यायचे. म्हणून सांध्याची इस्त्री अरुंद व लांबट असते, तिच्या तळाला गोंद पसरवणाऱ्या खाचा असतात आणि वरून गालिच्याला झळ लागू नये म्हणून झाकण असते. घरची इस्त्री खाली घातली तर कडा उचलून धरते आणि पाठ जाळते. वरून फिरवली तर उष्णता गोंदापर्यंत पोचत नाही, उलट लव चकाकते. पॉलिप्रॉपिलीनचा धागा साधारण १६० ते १६५ अंशांना वितळतो, नायलॉन-६ सुमारे २२० ला. लोकर वितळत नाही, पण करपते. त्या ट्रिमरने दोन्ही करून पाहिले आणि शेवटी पट्टी बाजूला ठेवून चिकटद्रवाने सांधा चिकटवला. यात हलगर्जी कोणाची, हे आम्ही चौकशीत विचारले.

आता चाकू. कटर म्हणजे कागद कापायचा, तुकडे मोडत जाणाऱ्या पात्याचा, तो गालिच्याला चालत नाही. तागाच्या जाड पाठीत पाते वाकते आणि मोडून उडते. गालिच्याचा चाकू जाड मुठीचा असतो, त्यात दोन्ही बाजूंना धार असलेले पाते बसते. एक बाजू बोथट झाली की उलटून घ्यायचे, दुसरी झाली की फेकायचे. आमचे जुने मिस्त्री सांगत, धारेचा चाकू हाताला कापत नाही, बोथट कापतो. कारण बोथटाला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की हात घसरतो. तेव्हा पात्यांचे पाकीट हे खर्चाचे सामान आहे, ‘वर्षातून एकदा’ या यादीत बसणारे हत्यार नव्हे. स्टोअरवाले इथेच अडतात. अडले की भांडा.

कापण्यापूर्वी लव कुठे झुकते ते हात फिरवून बघायचे. एका दिशेने हात गुळगुळीत जातो, उलट्या दिशेने अडतो. दोन्ही तुकड्यांची लव एकाच दिशेला नसेल तर सांधा कितीही घट्ट होवो, एक पट्टा गडद आणि एक फिका दिसणार. मग टोच्याने दोन ओळींमधली लव बाजूला सारून त्या फटीत चाकू चालवायचा, म्हणजे लव कापली जात नाही. कापलेल्या कडेला लॅटेक्सचा बारीक हात द्यायचा. ही गोष्ट बहुतेक ठिकाणी गाळतात, आणि सांधा टिकूनही कडेचे धागे निघू लागतात. शेवटी लाकडी रूळ फिरवून, गोंद निवेपर्यंत वर सपाट फळी ठेवायची. तोवर त्यावरून कोणी जाऊ नये. मुकादमाने ‘लवकर आटपा’ म्हणून फळी काढायला लावली तर त्या सांध्याची जबाबदारी मुकादमाची, हे लेखी घ्या.

हाताने विणलेला, भदोही-मिर्झापूरकडचा किंवा काश्मिरी गालिचा सलूनमध्ये सापडलाच, तर ही पट्टी आणि इस्त्री त्याला लावू नका. त्याला सुई, दोरा आणि रफूगरच हवा.

ठिगळाला चौकोन कापावा, पट्टी-गुण्या लावून. नवा तुकडा बाजारातून आणू नये, रंग जुळत नाही. तो त्याच डब्यातल्या बर्थखालच्या, न दिसणाऱ्या जागेतून घ्यावा आणि तिथे बाजारचा बसवावा. आधी चांगला तुकडा कापायचा, तो खराब जागेवर लव जुळवून ठेवायचा आणि त्याच्या कडेने खालचा कापायचा. उलट केले की फट राहते. विडी-सिगारेटच्या डागाला गोल कटर मिळतो, त्याने डाग आणि ठिगळ दोन्ही एकाच मापाचे निघतात. लहान हत्यार आहे, पण वेळ फार वाचवते.

गुडघ्याचे सांगायला हवे. गालिचा ताणायला एक हत्यार असते. पुढे दात, मागे गादी आणि त्या गादीवर गुडघ्याने ठोसे मारायचे. अमेरिकेतल्या निऑश या सरकारी व्यवसाय-आरोग्य संस्थेने १९९० साली कार्पेट बसवणाऱ्यांच्या गुडघ्यांविषयी इशारा-पत्रक काढले आणि गुडघ्याच्या ठोशाऐवजी तरफेने ताणणारे यंत्र वापरा असे सांगितले. आमच्याकडे अजून गुडघाच स्वस्त आहे. अरुंद कॉरिडॉरमध्ये मोठे यंत्र मावत नाही हे खरे. मग निदान ठोसा वाटीवर न मारता वाटीच्या वरच्या मांसल भागाने मारायचा, दात फक्त पाठ पकडतील इतकेच बाहेर काढायचे आणि गुडघ्याला जाड पॅड बांधायचे. पॅड हे संरक्षण-साधन आहे, हातमोज्यांसारखे मागून घ्या.

बहुतेक डब्यांत गालिचा नसतो, पीव्हीसीची चादर असते, हे आम्ही जाणतो. आर.एम.एस.च्या भावांनाही हाच भाग जवळचा. तिथे सांध्यात जाडीच्या सुमारे दोन-तृतीयांश खोल खाच काढून, गरम हवेच्या बंदुकीने त्याच मालाची कांडी वितळवून भरतात. वर आलेला भाग दोनदा कापायचा : एकदा कोमट असताना पातळ पट्टी मध्ये धरून, दुसऱ्यांदा पूर्ण गार झाल्यावर. घाईत एकदाच कापला तर गार होताना तो आत बसतो आणि खळगा राहतो. तिथे पाणी, फिनेल साचते आणि खालचे पाट्याचे लाकूड कुजते. आणि बंदूक एका जागी रेंगाळली की पीव्हीसी करपून हायड्रोजन क्लोराईडचा धूर निघतो, घसा धरतो.

आता ज्याच्यासाठी आम्ही हा विषय घेतला ते. रबरी चिकटद्रवात टोल्युईन, हेक्झेन अशी द्रावणे असतात. त्यांची वाफ हवेपेक्षा जड, म्हणून ती जमिनीलगत साचते आणि आपला माणूस नाक जमिनीपासून हातभर अंतरावर ठेवून काम करतो. टोल्युईनची वाफ साधारण ४ अंशांपासून पेट घेऊ शकते, म्हणजे मुंबईत बाराही महिने. हेक्झेनमध्ये वर्षानुवर्षे काम केले तर हातापायांच्या नसा बधिर होतात. एसीच्या डब्याच्या खिडक्या उघडत नाहीत. १९४८ च्या कारखाना कायद्यात बंदिस्त जागेतल्या विषारी वाफेविषयी कलम ३६ होते. आता संहिता आल्या, कलमांचे आकडे बदलले. वाफ तीच आहे.

म्हणून शाखांनी तीन गोष्टी धरून बसायच्या. चिकटद्रवाचे काम आणि इस्त्रीचे किंवा बंदुकीचे काम एका डब्यात एका वेळी नाही. पंखा छताला नाही, दाराशी, जमिनीलगत, हवा बाहेर ओढणारा. आणि तोही ठिणगी न उडवणाऱ्या बांधणीचा. आत एकटा माणूस नाही. शिवाय इस्त्रीची वायर मोबाईल चार्जिंगच्या सॉकेटला जोडायची नाही. शेडमधून अर्थिंग असलेली लाईन घ्यायची.

त्या ट्रिमरचा एसएफ-११ मागे घेतला गेला. शॉपला सांध्याची एक इस्त्री, दोन रूळ आणि पात्यांची पाकिटे मिळाली. भाजलेल्या मुलाला ठेकेदाराने काही दिले नाही. तो आमचा सभासद नव्हता असे म्हणून आम्हीही तेव्हा गप्प बसलो, हे आज कबूल करतो. त्याच्यासारख्यांचे दवाखान्याचे काय, हा प्रश्न आम्ही फेडरेशनकडे पाठवला आहे.

दाराजवळच्या पंख्याचा मुद्दा पुढच्या पीएनएमला आहे. ज्या शाखांत ट्रिमर आहेत त्यांनी महिन्याच्या आत प्रत्येकाच्या पेटीतली हत्यारे लिहून पाठवावीत. खात्याने दिलेली एका रकान्यात, स्वतःच्या पैशाची दुसऱ्या रकान्यात, किमतीसह. गुडघ्याचा किंवा बोटे बधिर होण्याचा त्रास असलेल्यांची नावे वेगळ्या कागदावर, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, बंद पाकिटात द्यावीत.