बाटलीवरचे चार शब्द

आज इंग्रजीचं एकच वाक्य घेऊया, तेही पुस्तकातलं नाही. घरात लेकरांच्या पातळ औषधाची बाटली असेल तर ती हातात घ्या. बऱ्याच बाटल्यांवर छापलेलं असतं : शेक वेल बिफोर यूज.

हे चार शब्द आता शेवटाकडून वाचत या. यूज म्हणजे वापर, बिफोर म्हणजे आधी, वेल म्हणजे चांगलं, शेक म्हणजे हलवा. वापराआधी चांगलं हलवा! झालं की आपलं मराठी वाक्य. प्रत्येक वाक्य असं सरळ उलटत नाही. पण करायचं काम सांगणारा शब्द, म्हणजे क्रियापद, मराठीत बहुधा शेवटी येतं आणि इंग्रजी सूचनेत बहुधा सुरुवातीलाच. म्हणून पहिला शब्द आधी ओळखायचा.

वेल हे क्रियाविशेषण. हलवायचं, पण कसं? तर चांगलं. आता तुमची शाळेत जाणारी मुलगी म्हणेल, आई, वेल म्हणजे विहीर. तिचंही बरोबर आहे. आपण ‘बाटली हलवा’ म्हणतो आणि ‘गाजराचा हलवा’ही म्हणतो, गोंधळ होतो का? शेजारचा शब्द बघून कळतं. शब्दाची जात जन्मावरून नाही, वाक्यात तो काय काम करतो त्यावरून ठरते.

बिफोर हे आपल्या शब्दयोगी अव्ययासारखं. आपण ‘जेवणाआधी’ म्हणताना ‘आधी’ मागून चिकटवतो. इंग्रजीत ते नामाच्या पुढे सुटं उभं राहतं. बिफोर फूड, जेवणाआधी. आफ्टर फूड, जेवणानंतर. गोळ्यांच्या चिठ्ठीवर हे दोन शब्द ओळखता आले तरी मोठं काम होतं.

आणि हलवायचं कशाला? काही औषधं पाण्यात विरघळलेली नसतात, बारीक कणांच्या रूपात तरंगत असतात. बाटली ठेवून दिली की कण तळाशी बसतात. न हलवता दिलं तर सुरुवातीच्या चमच्यांत लेकराला औषध कमी जातं, ताप उतरत नाही. आणि बाटली संपत आली की त्याच चमच्यात नको तेवढं जातं. आईनं वेळेवर, मोजून दिलेलं असतं, तरीही. नुसती एकदा उलटीपालटी करून भागत नाही. तळाला चिकटलेलं सुटेपर्यंत हलवायचं. त्या ‘वेल’ला एवढा अर्थ आहे.

आता अंगाला लावायच्या औषधाची बाटली बघा : फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली. यूज तर ओळखीचा झाला. फॉर म्हणजे साठी, एक्स्टर्नल म्हणजे बाहेरचा, हे विशेषण, आणि ओन्ली म्हणजे फक्त. फक्त बाहेरून वापरण्यासाठी. ही बाटली खोकल्याच्या बाटलीशेजारी ठेवली असेल, तर आत्ताच उचलून वेगळी ठेवा.